दमट हवेतील इस्त्री : वापर, निगा आणि वीज

जून महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात पेडणे वा डिचोली तालुक्यातील अनेक घरांत सकाळी साडेसहाच्या सुमारास एकच दृश्य दिसते. रात्रभर पंख्याखाली पसरून ठेवलेला मुलाचा गणवेश अद्याप ओलाच असतो, शाळेची बस येण्यास अर्धा तास उरलेला असतो, आणि घरातील कोणीतरी जमिनीवर चादर अंथरून इस्त्री लावते. शर्टातून वाफ निघू लागते, वास येतो, फरशीवर ओल असते, पाय अनवाणी असतात. वाफ थांबली की कपडा वाळला असे समजून तो मुलाच्या अंगावर चढवला जातो.

इस्त्रीच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या अर्ध्या तासात सापडते. करपलेली कॉलर, तळावर बसलेला तपकिरी थर, हाताला जाणवणारी झिणझिण, मऊ पडलेली वायर, या सगळ्यांच्या मागे बहुधा पाणी असते. गोव्यात वर्षाकाठी सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा फार मोठा भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. कोरड्या प्रदेशातील घरासाठी लिहिलेली इस्त्रीची माहितीपुस्तिका इथे पुरी पडत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

नाव आणि वस्तू

‘इस्त्री’ हा शब्द पोर्तुगीज भाषेतील ‘एस्तिरार’, म्हणजे ताणणे, या क्रियापदावरून आल्याचे सामान्यतः मानले जाते. गंमत अशी की, पोर्तुगीज माणूस स्वतः या वस्तूला ‘फेरो दि एंगोमार’ म्हणतो. म्हणजे खळ चढवण्याचे लोखंड. आपण त्यांचे ताणणे उचलले, लोखंड त्यांच्याकडेच राहिले. डिचोलीसारख्या लोखंडाच्या मातीवर वसलेल्या तालुक्याने तरी हा व्यवहार करायला नको होता.

विजेची इस्त्री न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ साली पेटंट केली. पण आपल्याकडील खेड्यांत वीज पोहोचेपर्यंत पितळी वा लोखंडी पेटीची, झाकणाची इस्त्रीच चालली. तिच्यात लाकडी कोळसे किंवा नारळाच्या करवंट्यांचे निखारे घालत. करवंटीचा निखारा कडक, बराच वेळ टिकणारा आणि परसातच मिळणारा. ही इस्त्री कोणाच्या माळ्यावर अजून असेल आणि वीज नसताना वापरायचा मोह झाला, तर एक लक्षात ठेवावे. पावसामुळे दारे-खिडक्या बंद केलेल्या खोलीत ती पेटवू नये. निखाऱ्यांतून कार्बन मोनॉक्साइड हा वासहीन विषारी वायू बाहेर पडतो, आणि तो साचल्याचे कळेपर्यंत उशीर झालेला असतो.

सुरकुती जाते कशी

सुती धाग्यातील सेल्युलोजचे लांब रेणू एकमेकांना हायड्रोजनच्या दुबळ्या बंधांनी धरून असतात. कपडा चुरगळलेल्या स्थितीत वाळला की हे बंध त्याच स्थितीत पक्के होतात, आणि तीच सुरकुती. पाण्याचा अंश आणि उष्णता मिळाली की ते सुटतात, इस्त्रीच्या भाराने धागा सपाट होतो, आणि ओल निघून कापड निवले की बंध नव्या, सपाट स्थितीत पुन्हा जुळतात. म्हणजे सुती कपड्याला इस्त्री करताना थोडी ओल हवीच असते. पूर्णपणे कडकडीत वाळलेल्या धोतरावर इस्त्री कितीही दाबली तरी चुण्या हटत नाहीत, ते याचमुळे. उन्हाळ्यात कपड्यावर पाणी शिंपडून, गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे ठेवण्याची जुनी रीत शास्त्राला धरून आहे.

थोडी ओल आणि ओलाचिंब यांतला फरक मात्र मोठा आहे. नीट पिळलेल्या सुती शर्टात सहज शंभर ग्रॅम पाणी असते. तेवढे पाणी तापवून त्याची वाफ करायला लागणारी उष्णता मोजली, तर १००० वॅटची इस्त्री जराही उष्णता वाया न घालवता सतत चालली, तरी चार मिनिटांहून अधिक वेळ लागतो. प्रत्यक्षात बरीच उष्णता हवेत आणि खालच्या चादरीत जात असल्याने हा काळ दुप्पट धरावा. एवढा वेळ एका शर्टावर घालवण्याची सवड सकाळी कोणालाच नसते. म्हणून वरचा थर वाळतो, शिवणी, खिसे, कॉलरचे अस्तर ओले राहतात, आणि वाफेचे पाणी खालच्या चादरीत उतरते. त्याच चादरीवर पुढचा कपडा येतो. उलट ओल हटत नाही म्हणून कोणी इस्त्री एका जागी दाबून धरतो, आणि पाणी संपल्याच्या क्षणी कापड करपते. पाणी असेपर्यंत कापडाचे तापमान शंभर अंशांच्या आसपास अडून राहते. ते संपताच तळाच्या दोनशे अंशांकडे झपाट्याने चढते.

यावर साधा उपाय आहे. रात्री गणवेश वाळत घालण्याआधी कोरड्या टॉवेलमध्ये घट्ट गुंडाळून त्यावर दाब द्यावा. टॉवेल बरेचसे पाणी ओढून घेतो. मग शर्ट हँगरला लावून, गुंड्या सोडून, पंख्याच्या झोतात ठेवावा; पसरलेल्या कपड्याला खालून हवा लागत नाही. सकाळी तो किंचित दमट उरला असेल, तर तेवढी ओल इस्त्रीला उपयोगाचीच आहे.

इस्त्री झालेला कपडा गरम असताना कपाटात ठेवू नये, ही सूचना पावसाळ्यात फार महत्त्वाची. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असताना सुती कापड आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण साडेआठ टक्के पाणी धरून राहते. आपल्या श्रावणातील हवेत हे प्रमाण आणखी बरेच वाढते. पॉलिस्टर मात्र अर्धा टक्कादेखील पाणी धरत नाही. म्हणून बुरशीचे काळे ठिपके नेमके सुती शर्टावर आणि सोवळ्याच्या पंचावर येतात, टेरीकॉटच्या पँटवर सहसा येत नाहीत. इस्त्रीनंतर कपडा दहा-पंधरा मिनिटे हँगरवर निवू द्यावा. आणि बुरशी आलेल्या कपड्यावर आधी इस्त्री कधीही करू नये. धुवावा, उन्हात घालावा, मग इस्त्री.

कापड आणि उष्णता

कपड्याच्या आतल्या पट्टीवर इस्त्रीचे छोटे चित्र आणि त्यात ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे तळाचे तापमान सुमारे ११० अंश सेल्सिअस, दोन म्हणजे १५०, तीन म्हणजे २००. चित्रावर फुली असेल तर इस्त्री करू नये. नायलॉन आणि अ‍ॅक्रिलिक एका ठिपक्याचे. रेशीम, लोकर व पॉलिस्टर एक-दोन ठिपक्यांच्या मर्यादेतले. सूत आणि लिनन तीन ठिपक्यांचे. मिश्र धाग्याचा कपडा असेल तर त्यातला जो धागा सर्वांत नाजूक, त्याचे तापमान धरावे. शाळेचे गणवेश बहुधा सूत व पॉलिस्टरच्या मिश्रणाचे असतात. फिरकी ‘कॉटन’वर लावून त्यांना इस्त्री करणे चूक.

फिरकी शून्यावरून हळूहळू वर नेत आधी नाजूक कपडे, शेवटी सुती, असा क्रम ठेवावा. तापायला इस्त्रीला मिनिट-दोन मिनिटे पुरतात. निवायला मात्र त्याच्या कित्येक पट वेळ लागतो. सुती धोतरानंतर फिरकी खाली करून लगेच रेशमी साडी घेतली, तर तळ अजून धोतराच्याच तापमानाला असतो. उलट शेवटचा सुती कपडा संपला की प्लग काढावा आणि उरलेल्या उष्णतेवर रुमाल, उशांचे अभ्रे उरकावेत.

इस्त्री किती तापली हे पाहण्याची जुनी बायकांची रीत म्हणजे तळावर पाण्याचा थेंब टाकणे. प्लग काढून, इस्त्री उभी ठेवून ओल्या बोटाने थेंब झटकावा. थेंब जागेवरच चुरचुरून आटला तर तळ मध्यम तापलेला आहे. थेंब गोळी होऊन घरंगळत गेला तर तापमान दोनशेच्या घरात आहे. थेंबाखाली वाफेची गादी तयार होते आणि ती त्याला तळाला टेकू देत नाही. गोळी घरंगळली की नायलॉन जवळ आणू नये.

चवथीच्या दिवसांत पेटीतून निघणारे पीतांबर, शालू आणि जरीकाठ यांच्यासाठी नियम एकच : उलट्या बाजूने, वर पातळ सुती कापड घालून, वाफ व पाणी न शिंपडता. जर अस्सल असो वा प्लास्टिकच्या पापुद्र्याची, उघड्या तळाखाली दोन्हींचे नुकसान होते. रेशमावर पाण्याचे थेंब पडले तर डाग उमटतात. कुणबी साडीसारख्या लाल चौकडीच्या सुती वस्त्राचा रंग पक्का आहे की नाही, हे ओला पांढरा रुमाल कोपऱ्यावर दाबून आधी पाहावे. गडद पँटवर येणारी चकाकी टाळायची असेल, तर तीही उलट्या बाजूने करावी.

शर्टाला आधी कॉलर, मग खांद्याची पट्टी, कफ, बाह्या, समोरचे भाग आणि शेवटी पाठ, असा क्रम घेतला की झालेला भाग पुन्हा चुरगळत नाही. कॉलरवर टोकाकडून मध्याकडे यावे, नाहीतर टोकाशी चुणी जमते. आणि इस्त्री गोल फिरवू नये; उभ्या वा आडव्या धाग्याच्या दिशेने न्यावी, म्हणजे कापड ताणून वेडेवाकडे होत नाही.

लाल माती, खारा वारा

दोन्ही तालुक्यांचा पाऊस सारखाच, पण इस्त्रीचे दुखणे वेगवेगळे.

डिचोली, साखळी, मये, शिरगाव, पाळी या पट्ट्यात कपड्याला लाल धूळ लागते. खाणी २०१२ साली थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ साली न्यायालयाच्या निर्णयाने पुन्हा थांबल्या, आणि आता काही ठिकाणी परत चालू झाल्या आहेत. या सगळ्यात रस्त्याकडेच्या घरांतील दोरीवरचे कपडे कमी-अधिक लाल होतच राहिले. ही धूळ म्हणजे लोहाचे ऑक्साइड. ती धाग्यांत शिरलेली असताना वरून गरम इस्त्री फिरवली, तर दाबाने कण आणखी खोल रुततात. शिवाय तळावर बारीक ओरखडे येतात ते वेगळेच. दोरीवरून काढलेला कपडा आधी झटकावा, कोरड्या ब्रशने झाडावा, आणि डाग दिसला तर इस्त्रीला हातच लावू नये.

लोहाच्या डागावर क्लोरिनचा ब्लीच वापरणे ही सर्वसाधारण चूक आहे. डाग फिका होण्याऐवजी अधिक पक्का होतो. लिंबाचा रस आणि मीठ, किंवा परसात बिंबलीचे झाड असेल तर तिचा रस, हा खरा उपाय. बिंबलीत ऑक्झॅलिक आम्ल भरपूर असते आणि ते लोहाचे ऑक्साइड विरघळवते. पितळी भांडी लख्ख होतात तीही याच आम्लतेमुळे. पण रस लावल्यावर कपडा दोन-तीन पाण्यांतून नीट खळबळून काढावा. सुती धाग्यात आम्ल उरले आणि त्यावर गरम इस्त्री फिरली, तर धागा तिथे कुजल्यासारखा होऊन काही धुण्यांत फाटतो. डाग गेला, भोक राहिले, अशी तक्रार ऐकू येते तिचे कारण हेच.

याच भागात, आणि तसे पाहता जांभ्याच्या सगळ्याच प्रदेशात, काही विहिरींच्या पाण्यात लोह विरघळलेले असते. कळशीत ते काचेसारखे स्वच्छ दिसते. हवेशी संबंध आल्यावर लालसर होते. वाफेच्या इस्त्रीत हे पाणी घातले की टाकीत आणि छिद्रांत गंज-रंगाचा गाळ साठतो, आणि एखाद्या दिवशी पांढऱ्या सदऱ्यावर तपकिरी थुंकी पडावी तसा डाग पडतो. पारख सोपी आहे : पांढऱ्या चिनीमातीच्या वाटीत पाणी रात्रभर उघडे ठेवावे. सकाळी तळाशी लालसर साका दिसला, तर ते पाणी इस्त्रीसाठी नको.

मग कोणते पाणी वापरावे? घरात शुद्धीकरण यंत्र असेल तर त्याचे पाणी चालते. पावसाळ्यात, पहिले काही पाऊस होऊन गेल्यावर, उघड्या अंगणात स्वच्छ पातेले ठेवून थेट झेललेले आणि वस्त्रगाळ केलेले पाणी उत्तम. कौलांवरून ओघळलेले नको, त्यात शेवाळ असते. बाजारात बाटलीत मिळणारे ऊर्ध्वपातित पाणीही चालते, मात्र बॅटरीसाठी आम्ल मिसळून विकला जाणारा द्रव चुकून आणू नये. काही उत्पादक निव्वळ ऊर्ध्वपातित पाण्याऐवजी ते आणि नळाचे पाणी निम्मे-निम्मे घालण्यास सांगतात. तेव्हा पुस्तिकेतील वाक्य एकदा वाचावे. वातानुकूलन यंत्रातून ठिबकणारे पाणी दिसायला निर्मळ असले तरी त्यात धूळ व जंतू असतात. अत्तर, गुलाबपाणी, खळ यांपैकी काहीही टाकीत घालू नये. काम संपले की टाकी रिकामी करावी; आणि हीच सूचना सर्वाधिक दुर्लक्षित राहते.

पेडण्याच्या किनाऱ्याकडे, म्हणजे मोरजी, मांद्रे, हरमल, केरी या गावांत, शत्रू खारा वारा. त्यातील क्षार प्लगच्या पितळी पिनांवर हिरवट थर आणतात, आतल्या जोडांच्या स्क्रूला गंज चढवतात, अ‍ॅल्युमिनियमच्या तळावर बारीक खळगे पाडतात. गंजलेल्या जोडातून वीज जाताना जोड तापतो, तापल्याने तो आणखी ढिला होतो, आणि एक दिवस प्लगचे प्लास्टिक वितळल्याचा वास येतो. किनारी गावांत इस्त्री उघड्या फळीवर ठेवू नये. पूर्ण निवल्यावर कापडी पिशवीत घालून कपाटात ठेवावी. प्लास्टिकच्या घट्ट पिशवीत नको, आत दव धरते. पिना महिन्यातून एकदा, अर्थात प्लग काढलेला असताना, कोरड्या फडक्याने घासून पुसाव्यात.

तळाची सफाई

तळावरचा तपकिरी थर बहुधा जळलेल्या खळीचा वा नीट न निघालेल्या साबणाचा असतो. आपल्याकडे सुती कपड्याला पेजेची निवळ खळ म्हणून वापरणारी घरे अजून आहेत. ती खळ चांगलीच, पण गाळून घ्यावी. शिताचा कण राहिला की तळावर चिकटलाच. आणि खळ घातलेल्या कपड्यांना सर्वांत शेवटी इस्त्री करावी.

सफाईची रीत तळाच्या प्रकारावर अवलंबून आहे. न चिकटणाऱ्या काळ्या-करड्या थराच्या इस्त्रीवर तारेची घासणी, मीठ, राख, सँडपेपर यांपैकी काहीही लावू नये. इस्त्री कोमट असताना प्लग काढून, खाण्याच्या सोड्याची पाण्यातील पातळ पेस्ट मऊ फडक्यावर घेऊन पुसावी आणि नंतर ओल्या स्वच्छ फडक्याने दोनदा पुसावे. जुन्या, जड, चकचकीत पोलादी तळाला थोडी घासाघीस सोसते. त्यावर मेणबत्तीचा तुकडा फडक्यात गुंडाळून कोमट तळावर फिरवण्याची पद्धत चालते, पण नंतर जुन्या कापडावर इस्त्री फिरवून मेण पूर्ण काढावे. फिलिपिन्समध्ये कोळशाच्या इस्त्रीखाली केळीचे पान ठेवत. पानावरच्या नैसर्गिक मेणाने तळ गुळगुळीत होई. परसात केळी असणाऱ्यांना ही युक्ती करून पाहायला हरकत नाही, फक्त जुन्या पोलादी तळावर.

नायलॉन वितळून चिकटले असेल तर ते थंड झाल्यावर खरवडू नये. इस्त्री अगदी मंद तापवून प्लग काढावा आणि लाकडी उलथण्याने हलकेच लोटावे. गरम तळावर पॅरासिटामॉलची गोळी घासण्याचा जो उपाय समाजमाध्यमांतून फिरतो, त्याने थर निघतोही. पण त्याचा धूर घरात, लहान मुलांसमोर करण्याचे कारण मला तरी दिसत नाही.

वीज : इथे चूक परवडत नाही

१००० वॅटची इस्त्री २३० व्होल्टवर सुमारे ४.३ अँपिअर प्रवाह घेते; साध्या ६ अँपिअरच्या सॉकेटला ती झेपते. वाफेच्या काही इस्त्र्या २००० वॅटच्या असतात. त्यांना जवळजवळ ९ अँपिअर लागतात, म्हणून १६ अँपिअरचे मोठे सॉकेट आवश्यक. मोठ्या प्लगला छोट्या सॉकेटमध्ये बसवणारा अ‍ॅडाप्टर, किंवा मोबाइल चार्जरसाठी आणलेली पातळ वायरीची एक्स्टेन्शन पट्टी, इस्त्रीसाठी वापरू नये.

ओळीच्या टोकाला असलेल्या वाड्यांवर संध्याकाळी व्होल्टेज उतरते. १९० व्होल्टवर १००० वॅटची इस्त्री प्रत्यक्षात सातशे वॅटदेखील देत नाही, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. इस्त्री तापत नाही म्हणून माणूस फिरकी शेवटपर्यंत फिरवतो. मग व्होल्टेज पूर्ववत होते, तळ थेट सर्वोच्च तापमान गाठतो, आणि खाली नेमका मुलीचा नायलॉनचा फ्रॉक असतो. अशा वेळी फिरकी कापडाला योग्य त्याच ठिकाणी ठेवून थांबणे, एवढेच करण्यासारखे आहे.

याहून गंभीर गोष्ट वीज जाण्याची. पावसाळ्यात इस्त्री चालू असताना वीज जाणे नेहमीचे. माणूस इस्त्री आहे तिथेच ठेवून मेणबत्ती शोधायला उठतो, मग जेवण, मग झोप, बटण चालूच. वीज मध्यरात्री परत येते. इस्त्री गादीवर वा कपड्यांच्या ढिगावर आडवी पडलेली असेल, तर पुढचे सांगायला नको. थर्मोस्टॅट इस्त्रीला बंद करत नाही, ठरावीक तापमानाभोवती धरून ठेवतो. आणि ‘कॉटन’वरचे तापमान तासन्‌तास मिळाले तर कापूस पेट घेऊ शकतो. म्हणून दिवे गेले की पहिला हात प्लगकडे जावा. नुसते बटण बंद करून भागत नाही, कारण अंधारात बटण वर होते की खाली, हे कोणालाच आठवत नाही.

झटक्याविषयी थोडे सविस्तर. इस्त्रीच्या वायरीत तीन तारा असतात : तपकिरी ही वीज आणणारी, निळी ही परत नेणारी, हिरवी-पिवळी ही अर्थिंगची. जुन्या वायरींत त्यांचे रंग अनुक्रमे लाल, काळा, हिरवा असत. अर्थिंगची तार इस्त्रीच्या धातूच्या अंगाला जोडलेली असते. आतील कॉइल कधी त्या अंगाला टेकली, तर वीज या तारेतून जमिनीत जाते आणि फ्यूज उडतो. अर्थिंग नसेल तर तिला जमिनीकडे जाण्यासाठी उरते ते माणसाचे शरीर. अंग ओले, पाय अनवाणी आणि फरशी दमट असेल तर शरीराचा विरोध कोरड्या अवस्थेच्या मानाने फार घटतो.

आता प्रश्न असा की, घरात अर्थिंग आहे का? तीन भोकांचे सॉकेट असणे म्हणजे अर्थिंग असणे नव्हे. जुन्या घरांत वरच्या मोठ्या भोकामागे कोणतीही तार नसल्याचे अनेकदा आढळते. जिथे तार आहे तिथेही आणखी एक अडचण असते. मोपासारख्या सड्यावर किंवा जांभ्याच्या टेकडीवर बांधलेल्या घरांत अर्थिंगचा नळ खडकात पुरलेला असतो, आणि मार्च ते मे या काळात तो भोवताली कोरडा ठणठणीत होतो. कोरडा जांभा वीज नीट वाहू देत नाही. खड्ड्यात कोळसा व मीठ यांचे थर घालतात आणि उन्हाळ्यात पाणी ओततात ते उगीच नव्हे. नवे घर असेल तर वायरमनकडून अर्थिंगचा विरोध मोजून घ्यावा. तो दरवर्षी उन्हाळ्यात, म्हणजे सर्वांत वाईट ऋतूत, मोजणे योग्य.

याच्या जोडीला मीटरच्या पेटीत ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. जाणारा आणि परत येणारा प्रवाह यांत एवढा फरक पडला, म्हणजे कुठेतरी वीज जमिनीत वा शरीरात गळू लागली, की तो क्षणार्धात पुरवठा तोडतो. त्यावर चाचणीचे छोटे बटण असते. मिरगापूर्वी ते एकदा दाबून पाहावे; दाबल्यावर वीज गेली नाही तर तो निकामी आहे.

इस्त्रीला हात लावताच झिणझिण जाणवली, टेस्टर तळाला लावल्यावर मंद जरी लुकलुकला, तर ती इस्त्री त्या क्षणी बाजूला काढावी. ‘रबरी चपला घातल्या की लागत नाही’ हे उत्तर नव्हे. चपला किंवा लाकडी पाट ही जास्तीची खबरदारी. इस्त्रीतला दोष त्याने जात नाही. आणि सकाळच्या घाईत शाळकरी मुलाला स्वतःचा गणवेश स्वतः इस्त्री करायला लावण्याआधी हे सगळे तपासलेले असावे.

कोणाला झटका बसून तो चिकटला असेल तर त्याला हात न लावता आधी मुख्य स्विच बंद करावा आणि १०८ क्रमांकाला फोन करावा. भाजले असेल तर तो भाग वीस मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. बर्फ, टूथपेस्ट, तेल, हळद यांपैकी काही लावू नये.

दुरुस्ती

इस्त्री मुळीच तापत नसेल आणि दिवाही लागत नसेल, तर दोष दहापैकी बहुतेक वेळा वायरीत असतो, तोही मुठीच्या तोंडाशी, जिथे ती सतत वाकते. गरम इस्त्रीभोवती वायर गुंडाळून ठेवण्याची सवय याला कारण. वायर बदलताना सुती वेष्टनाची, तीन तारांचीच घ्यावी. साधी प्लास्टिकची वायर गरम तळाला टेकताच वितळते. मधेच चिकटपट्टी गुंडाळून जोड देऊ नये.

दिवा लागतो पण तळ थंड राहतो, तेव्हा संशय कॉइलवर घ्यावा. मीटर असणाऱ्या वायरमनला ते लगेच कळते : १००० वॅटच्या कॉइलचा विरोध सुमारे ५३ ओहम, ७५० वॅटच्या कॉइलचा सुमारे ७० ओहम. जुन्या जड इस्त्र्यांत कॉइल अभ्रकाच्या पत्र्यांत गुंडाळलेली आणि वेगळी काढता येणारी असते. ती स्वस्तात बदलता येते. नव्या हलक्या इस्त्र्यांत कॉइल नळीत भरून अ‍ॅल्युमिनियमच्या तळातच ओतलेली असते, त्यामुळे तळासकट बदलावी लागते आणि खर्च नव्या इस्त्रीच्या जवळ जातो. जड इस्त्री टाकून हलकी आणण्याची घाई करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

इस्त्री प्रमाणाबाहेर तापते, दिवा विझतच नाही, असे झाले तर थर्मोस्टॅटचे संपर्कबिंदू चिकटलेले असतात. वेगवेगळ्या प्रमाणात प्रसरण पावणाऱ्या दोन धातूंची जोडपट्टी तापली की वाकते आणि हे बिंदू अलग करते. दमट, खाऱ्या हवेत ठिणगीने खडबडीत झालेले बिंदू एकमेकांना धरून बसतात. ती इस्त्री दुरुस्त होईपर्यंत वापरू नये. आतला सुरक्षा-फ्यूज वितळला असेल तर त्या जागी नुसती तार जोडून ‘चालू करून देणारा’ कारागीर टाळावा. दुरुस्तीनंतर इस्त्री घरी आणण्याआधी प्लगची अर्थिंगची पिन आणि तळ यांच्यात जोड अखंड आहे का, आणि बाकीच्या दोन पिना तळाला कुठे लागत नाहीत ना, हे समोर मीटरवर पाहून घ्यावे. दोन मिनिटांचे काम आहे.

नवी घेताना भारतीय मानक ३६६ चे चिन्ह पाहावे. घरगुती विद्युत इस्त्रीला आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. रोज गणवेश आणि ऑफिसचे दोन-तीन शर्ट एवढेच काम असेल, तर १००० वॅटची कोरडी इस्त्री पुरते. विहिरीला लोह असलेल्या घरात वाफेची इस्त्री घेण्याआधी पाण्याची सोय काय, हे ठरवावे. चांगला तुषारपंप लावलेली साधी बाटली आणि कोरडी इस्त्री यांनी तेच काम होते, आणि बाटलीला गंज लागत नाही.